बिनकुलपाचा फ्रीज

पुणतांब्यात चोरांनाही अपमान वाटावा असं एकच घर होतं. सोनाक्कांचं. पुढच्या दाराला कडी होती, पण आत कशालाही कुलूप नव्हतं. कोठी सताड उघडी. लाडवांच्या डब्याचं झाकण जरा घट्ट बसतंय असं वाटलं, की त्या डबा तांबटाकडे नेऊन ते सैल करून आणत. असं गिऱ्हाईक त्या तांबटाने जन्मात पाहिलं नव्हतं. मुंग्यांची मात्र चंगळ होती.

मी शाळेत मास्तर. सोनाक्कांच्या समोरच्याच खोलीत भाड्याने राहायचो. त्यांचा मुलगा दत्तू ऊसतोडीत अडकला, म्हणून नगरला फ्रीज घ्यायला त्यांच्याबरोबर मी गेलो. सून विमल गरोदर होती. उन्हाळा तोंडावर आलेला. तिला गार काहीतरी खावंसं वाटे, पण मागायला ती लाजे.

"तिनं मागायचंच कशापायी?" अक्का म्हणायच्या. "हात घालावा न् खावं. मोकळं ऱ्हाऊ द्या!"

एवढ्यासाठी गल्लीत पहिला फ्रीज येणार होता.

दुकानदाराने हौसेने लहान-मोठे, गोल कोपऱ्यांचे, रॉकेलवर चालणारे, सगळे फ्रीज दाखवले. बर्फाचा कप्पा दाखवला. अक्कांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या प्रत्येक दाराला कान लावून ते उघडत-मिटत होत्या. दार खाटकन वाजलं की पुढे सरकत. असं ऐकणं मी फक्त डॉक्टरांचं पाहिलं होतं.

"आवाज नको मास्तर. आवाज झाला की दचकून मानूस हात मागं घेतं."

शेवटी रबरात लोहचुंबक बसवलेलं एक नवं दार निघालं. मुकाट उघडत होतं. अक्कांचा चेहरा उजळला. एवढ्यात दुकानदाराला अवदसा आठवली. "आजी, याला कुलूपही आहे! नोकरचाकर, पोरं, सुना, कुणाची भीती नाही."

'सुना' म्हणताच अक्का उठल्या. बाकीची दुकानं पालथी घातली. सगळ्यांनाच कुलूप! अखेर पुन्हा पहिल्या दुकानात येऊन त्यांनी तोच घेतला आणि दोन्ही किल्ल्या कनवटीला लावल्या. फ्रीज मागाहून येणार होता.

परतीच्या गाडीत त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "दत्तूच्या येळंला मला साय खावीशी वाटली हुती. किल्ली सासूच्या कमरंला, न् सासू मळ्यात गेल्ती."

"मग?"

"मंग काय. इच्छा मेली."

गावात उतरल्यावर त्या घरी न जाता थेट गोदावरीच्या घाटावर गेल्या. किल्ल्यांना हळदकुंकू वाहिलं. "गंगामाई, तूच सांभाळ," असं म्हणून दोन्ही पाण्यात भिरकावल्या. मी हात जोडले. का जोडले ते आजही सांगता येणार नाही.

दोन-चार दिवसांनी बैलगाडीतून फ्रीज आला. अर्धा गाव जमला. अक्कांनी दार ओढलं. उघडेना. ते कुलूप किल्लीशिवाय नुसतं दाबलं तरी लागायचं, आणि वाटेत दार उघडू नये म्हणून दुकानदाराने ते दाबून पाठवला होता!

दत्तूने कपाळावर हात मारला. लोक हसू लागले. अक्का मात्र खूश. "आता कुलूप मुळासकट जाईल की!" कोपरगावहून कारागीर आला, त्याने कुलूप कोरून काढलं. उरलेल्या भोकात अक्कांनी मेण भरलं. या बाईपुढे आपण कोण, असं मला तेव्हा वाटलं.

मग विमल खरंच खाऊ लागली. दुपारी उठावं, दार उघडावं, वाटीत साय-साखर घ्यावी. अक्का भिंतीला टेकून आरती बघावी तशा बघत बसत.

एकदा दुपारी मी गार पाणी मागायला गेलो. अक्का फ्रीजपुढे एकट्याच उभ्या होत्या. हात दारापर्यंत गेला, मागे आला. पुन्हा गेला. शेवटी त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून अगदी हळू विचारलं, "विमल, ए विमल... वाईच साय मी घिऊ का गं?"

विमल बाहेर आली. तिने वाटी भरली आणि सासूच्या हातात दिली. अक्का भिंतीकडे तोंड करून, पदराआड, भराभर खाऊ लागल्या. मी उंबऱ्यावरूनच मागे फिरलो.

पाठीमागून विमलचा आवाज आला, "सावकाश खावा, आत्याबाई. कुनी येत न्हाई."