पार्किंग क्रमांक सात

सूचनापुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी जी थोडी माणसं पुण्यात उरली आहेत, त्यांतली मी एक. प्रयोगशाळेत माझं कामच उपकरणं तपासण्याचं आहे. यंत्र खरं बोलतंय की खोटं, एवढंच मी दिवसभर बघते. त्यामुळे बाबांच्या गाडीतला कंपनीचा जुना स्टिरिओ काढून मोठ्या पडद्याचा नवा बसवायचं ठरलं, तेव्हा मी आईला सांगितलं, "कारागीर कशाला? चौदा तारा आहेत. प्रत्येकीला रंग आहे. दोन तासांचं काम."

"तुझे बाबाही असंच म्हणायचे," आई म्हणाली. "मग मिक्सर गेला."

बाबा टेलिफोन खात्यात होते. आयुष्यभर लोकांचे बंद पडलेले फोन बोलते केले. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. गाडी तेव्हापासून आमच्या विश्रांतवाडीच्या इमारतीखाली, पार्किंग क्रमांक सातमध्ये उभी असते आणि फक्त रविवारी निघते, कारण एरवी मी कंपनीच्या बसने जाते. रविवारी ती मागे घेत बाहेर काढताना मी दोनदा खांबाला घासली. सोसायटीचे सेक्रेटरी सर्जेराव काका यांनी लगेच चिठ्ठी पाठवली : 'खांब १९९८ पासून त्याच जागी आहे.' म्हणून मागचा कॅमेरा हवा होता, आणि कॅमेऱ्यासाठी पडदा.

तर रविवारी सकाळी नऊला मी वही घेऊन गाडीत बसले. जुना स्टिरिओ निघाला. बाबांच्या बोटांनी त्याच्या बटणांवरची अक्षरं पुसली होती. तो मी जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवला.

साडेदहापर्यंत तेरा तारा बिनतक्रार जुळल्या. गडबड एकीचीच. पिवळ्या तारेला वीज कायम हवी, तांबडीला फक्त किल्ली फिरवल्यावर. पण जुन्या गाडीत किल्ली काढली की नवा स्टिरिओ सगळं विसरायचा. दर वेळी त्याच्या मते १९७० साल उजाडायचं. मग मी तांबडी पिवळीलाच जोडून टाकली. वहीत लिहिलं, 'तात्पुरतं'. माझ्या वहीत तारखेशिवाय लिहिलेला हा एकमेव शब्द.

पडदा बटणाने बंद होत होता. माझ्या दृष्टीने यंत्र झोपलं.

शेवटी फोन जोडून बघायचा होता. माझ्या फोनवर ताराजोडणीचा व्हिडिओ चालू होता, म्हणून मी वर हाक मारली. आमचं घर पहिल्या मजल्यावर, बाल्कनी बरोब्बर गाडीच्या डोक्यावर. भाजीसाठी सोडायची दोरीची पिशवी खाली आली, तिच्यात आईचा फोन. जोडला, गाणं वाजलं, काम फत्ते. फोन पिशवीतून वर गेला. अचानक वाजणाऱ्या गोष्टी मला आवडत नाहीत, म्हणून यंत्राची घंटी शून्यावर ठेवली. एकूण वेळ एक तास पन्नास मिनिटं. मी दहा मिनिटं आधीच संपवलं होतं!

मंगळवारी संध्याकाळी बसमधून उतरले तर वॉचमन दत्तोबा फाटकाशी टोपी हातात घेऊन उभा.

"ताई, रागावणार न्हाई तर एक सांगू? साहेब आलेत."

"कोण साहेब?"

"तुमचे. काल बी आल्ते, आज बी. अकराच्या ठोक्याला. गाडीत बसून बोलतात. दिसत न्हाईत."

"काय बोलतात?"

"'मी बोलतोय. ऐकू येतंय का? कुणी आहे का तिथं?'" दत्तोबाने आवाज खाली आणला. "आवाज त्योच हाय. धा वर्षं ऐकलाय मी."

मी गाडीपाशी गेले. दारं बंद, पडदा काळा. मागची काच बोटभर खाली होती. ती बाबांच्या काळापासूनच पूर्ण वर जात नाही. खालचं पार्किंग भर दिवसाही अर्धं अंधारलेलं असतं. पाण्याच्या टाकीतून थेंब पडत होता. मी वहीत लिहिलं, 'साक्षीदार एक. वयामुळे विश्वासार्हता मध्यम.'

वर आम्ही जेवायला बसलो. भाकरीचा तुकडा मोडत आई म्हणाली, "चैताली, माझे कान गेले बहुतेक."

"आत्ता मी बोलतेय ते ऐकू येतंय ना?"

"तू समोर आहेस. फोन उचलला की नुसती शांतता. कालपासून. कुणाचाही असो. मी हॅलो हॅलो करते, आणि पलीकडे विहीर." तिने ताट सारलं. "तुझ्या आजीचंही असंच सुरू झालं होतं. आधी फोन, मग दारावरची बेल, मग माणसं. शेवटी ती नुसती हसायची सगळ्यांकडे बघून."

आई दिवसभर एकटी असते. फोन सोडला तर तिच्याशी बोलायला कुणी नाही. मी लगेच शनिवारची कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि गाडीचं भूत दुय्यम यादीत टाकलं.

भूत मात्र यादी मानत नव्हतं. बुधवारी सर्जेराव काकांनी मला जिन्यातच गाठलं. ते नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेत. कुठल्याही घटनेत त्यांना आधी कागद दिसतो.

"तुमच्या वडिलांशी बोलणं झालं," ते म्हणाले.

"काका, तुम्हीसुद्धा?"

"मी घाबरत नाही. पार्किंग क्रमांक सात सोसायटीच्या पुस्तकात अजून त्यांच्याच नावावर आहे. तुम्ही हस्तांतरणाचा अर्ज दिलेला नाही. माणूस स्वतःच्या जागेत, स्वतःच्या गाडीत बसून बोलला तर मी कुठल्या नियमाने हरकत घेऊ?"

"मग बोलणं काय झालं?"

"मी काचेच्या फटीतून विचारलं, साहेब, आलाच आहात तर अर्जावर सही राहिली आहे. तर म्हणाले, 'कसली सही? कोण तुम्ही? मी कुठेही सही करणार नाही.' आणि गेले." काकांनी चष्मा पुसला. "स्वभाव अजून तोच आहे."

शेजारच्या शर्मिला वहिनी लिंबू-मिरची घेऊन आल्या, गाडीला बांधायला. आईने दारातच विचारलं, "कशासाठी?" त्यांनी सांगितलं. आईला वाटलं, आपल्याला हेही नीट ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं, तेव्हा म्हणाली, "आमच्यात हे करत नाहीत. आणि यांना लिंबू फक्त पोह्यांवर चालायचं." लिंबू ठेवून घेतलं.

गुरुवारी मी अर्धी रजा टाकली. ऐकीव माहितीवर विसंबून राहणं माझ्या शिक्षणात बसत नाही. पावणेअकराला प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन गाडीशेजारी बसले. वही, पेन, घड्याळ. दत्तोबा जिन्यापाशी थांबला, एक पाय पायरीवर ठेवून.

पाण्याची मोटर बंद झाली. मग इतकं शांत झालं की माझ्या घड्याळाचा काटा मला ऐकू येऊ लागला. अकरा वाजले. काही नाही. मी लिहायला लागले, 'निष्कर्ष :'

"हॅलो," गाडी म्हणाली.

पेन हातातच राहिलं. पडदा काळाच होता. चालकाची जागा रिकामी होती, तिथल्या गादीला बाबांच्या वजनाचा खळगा अजून आहे.

"हॅलो. मी बोलतोय. ऐकू येतंय का?" तोच खर्ज. वाक्य संपताना किंचित वर जाणारा तोच सूर. शाळेच्या सहलीहून यायला उशीर झाला की फाटकातून येणारा. "कुणी आहे का तिथं?"

विज्ञानात मी द्विपदवीधर आहे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जे केलं त्याला कुठल्याही विद्यापीठाने मान्यता दिलेली नाही. मी खुर्ची ओढली, काचेच्या फटीला तोंड लावलं आणि विचारलं, "बाबा?"

आत कुणीतरी श्वास घेतला.

"कोण?" आवाज म्हणाला. फार हळू.

मग खट्. मग टाकीचा थेंब.

वर गेले तर आई बाल्कनीत फोन कानाला लावून बसली होती. तिने तो खाली ठेवला. डोळे ओले होते. "आजही काही नाही," ती म्हणाली. वहीच्या पानावर 'निष्कर्ष' लिहून पुढे फक्त दोन टिंबं होती.

त्या रात्री मी नीट झोपले नाही, पण कारण भीती नव्हतं. मला दुसऱ्या दिवशी अकराला पुन्हा तिथे बसायचं होतं. विचारण्यासारखं बरंच होतं. पण रजा मिळाली नाही.

मग निदान आईचं काम करावं म्हणून शुक्रवारी दुपारी मी प्रयोगशाळेतून तिला फोन केला, कानांची प्राथमिक चाचणी घ्यायला. क्रमाने मोजलं तर माणूस अंदाजाने उत्तरं देतो, म्हणून उलटसुलट आकडे कागदावर लिहून घेतले होते. "आई, मी आकडे म्हणते. सात. दोन. नऊ. चार. चार. एक." पलीकडून उत्तर नाही. फक्त झाडूचा आवाज. आमच्याकडे झाडू सकाळी मारतात, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. दोनदा यादी म्हटली आणि जड मनाने फोन ठेवला. चाचणीचा निकाल सहापैकी शून्य.

संध्याकाळी दत्तोबा फाटकाच्या बाहेर रस्त्यावर उभा होता. आत यायला तयार नव्हता.

"ताई, आता दोघंजण हायत."

"दोघं?"

"दुपारच्याला एक बाईमाणूस आलं. साहेब बरं, मायेनं बोलायचे. हे लई रुक्ष. आधी आई म्हणून हाक मारली, मग आकडे म्हणाय लागलं. सात, दोन, नऊ, चार, परत चार. परत चार कशाला म्हणून ध्यानात राह्यलं."

मी फाटकाला धरून उभी राहिले.

चौदा तारांपैकी एक 'तात्पुरती', तारीखच नसलेली. तांबडी पिवळीला जोडलेली, म्हणजे यंत्र रात्रंदिवस जागं. आईचा फोन ब्लूटूथने त्याच्याशी जोडलेला, आणि आई फोन कायम बाल्कनीत घेऊन बसते, गाडीच्या बरोब्बर डोक्यावर. फोन आला की आई वर उचलणार, माणूस खाली गाडीत बोलणार. आणि पलीकडच्याला आईऐवजी पार्किंग ऐकू येणार.

"दत्तोबा," मी म्हटलं, "ते रुक्ष बाईमाणूस मी होते."

त्याने मला नीट न्याहाळलं. "व्हय," तो म्हणाला, "आवाज तसा जुळतोय."

दहा मिनिटांत आईचा फोन यंत्राच्या यादीतून काढला, तांबडी तार सोडवली. वर जाऊन स्वयंपाकघरातून आईला बाल्कनीत फोन लावला. "सात," मी म्हटलं.

"सात," आई म्हणाली. मग फोनमधून नाक पुसल्याचा आवाज आला. "म्हणजे माझे कान ठीक आहेत?"

"एकदम ठीक."

"मग उद्याची वेळ रद्द करू नकोस. तुझं डोकं दाखवून येऊ."

राहिला प्रश्न अकराच्या आवाजाचा. त्याचं उत्तर शनिवारी सकाळी स्वतःच आलं. आम्ही सगळे गाडीभोवती उभे होतो आणि मी सर्जेराव काकांना तारा समजावून सांगत होते. मागून आवाज आला, "कधीपासून हाका मारतोय. कुणी बोलेना, म्हणून शेवटी आलो."

दत्तोबाच्या हातातला पाण्याचा पाइप सुटला आणि सर्जेराव काका छातीपर्यंत भिजले.

अभयकाका होते. बाबांचे धाकटे भाऊ, भुसावळला असतात, रात्रीच्या गाडीने आले होते. दिसायला बाबांसारखे मुळीच नाहीत, पण डोळे मिटले तर फरक करता येत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. प्रयोगात मी ते धरलं नाही, इतकंच. बाबा गेल्यापासून ते सुट्टीचे दिवस सोडून आईला रोज अकराला फोन करतात, गोळी घेतली का विचारायला. मी त्या वेळी कामावर असते.

"वहिनी, मी घाबरलो हो," ते आईला म्हणाले. "एक माणूस फोनवर सही मागत होता. म्हटलं, तुमचा फोन भामट्यांच्या हाती लागला."

सर्जेराव काका शर्ट पिळत होते. त्यांनी पिळणं चालू ठेवलं.

चहा झाला. आईने अभयकाकांना दोनदा गोळी दाखवली, समोरासमोर. उतरताना जिन्यात काका माझ्याजवळ थांबले.

"एक विचारू? गुरुवारी मला फोनवर कुणीतरी बाबा म्हणालं. अगदी हळू. मला मूलबाळ नाही, चैताली. मी दोन दिवस त्याच विचारात होतो. कोण असेल ते?"

मी वीस वर्षं यंत्रांना खरं बोलायला लावते.

"क्रॉस कनेक्शन असेल, काका."

मोबाइलवर क्रॉस कनेक्शन होत नाही. हे मला माहीत आहे आणि टेलिफोन खात्यातल्या माणसाच्या भावालाही माहीत असणार. त्यांनी मान डोलावली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"असेल," ते त्याच आवाजात म्हणाले. "हे खातंच तसं आहे."

मग त्यांना स्टेशनवर सोडायला मी गाडी बाहेर काढायला बसले. सहा दिवस जागं राहिलेल्या यंत्राने बॅटरी पार पिऊन टाकली होती. दत्तोबा, अभयकाका आणि भिजलेले सर्जेराव काका यांनी ती पुढून मागे ढकलली. नव्या पडद्यावर कॅमेऱ्यात मागचं सगळं स्पष्ट दिसायला हवं होतं, पण पडदाही बंदच होता.

त्यामुळे खांब दिसला नाही.