गाठीला निरोप

रखमाजी ढोणे यांच्या किडनीतली गाठ मंगळवारी जायला तयार झाली, आणि रखमाजींनीच तिला थांबवून घेतलं.

गाठ बोराएवढी, स्वभावानं शांत. तिच्यासाठी पोट फाडायचं नव्हतं. पाठीतून सुई घालायची, तिच्या टोकाशी बर्फ धरवायचा आणि गाठ आतल्या आत गोठवायची. पाठ तेवढी बधिर करतात, माणूस शुद्धीत असतो. किडनी वाचते. रखमाजींची वाचायलाच हवी होती, कारण एकच उरली होती. दुसरी धाकट्या भावानं मागितली, तेव्हा त्यांना नाही म्हणवलं नव्हतं.

नियम एवढाच, की गाठीनं राजीखुशीनं निघावं. डॉक्टर मणेर मॅडमनी सुई टेकवून तिला रीतसर विचारलं. गाठ म्हणाली, फार दिवस झाले, निघते आता. घरी आलेला पाहुणा जायला उठला की रखमाजी जे म्हणायचे, तेच ते टेबलावर पालथे पडून म्हणाले,

"लगेच? चहा तरी घ्या की."

गाठ परत बसली.

मॅडमनी सुई काढली. रागावल्या नाहीत, आपल्याकडचे निम्मे पेशंट असंच करतात, म्हणाल्या. पण बसून बसून गाठ वाढली, तर किडनीसकट काढावी लागेल, हेही सांगून ठेवलं.

बायको चांगुणाबाईंनी ऐकून घेतलं. ह्या माणसानं थांबवून घेतलेल्या पाहुण्यांसाठी त्यांनी जन्मभर भाकऱ्या थापल्या होत्या.

"उद्या मला आत घ्या," त्या म्हणाल्या. "ह्यांचं तोंड मी बघते."

बुधवारी हिरवा गाऊन घालून त्या टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि नवऱ्याच्या तोंडावर हात ठेवला. गाठ निघते म्हणाली. हाताखाली ओठ हलले; बाईंनी हात दाबला. पडद्यावर बर्फाचा गोळा दिसू लागला. मग रीतीप्रमाणे तो जरा वितळू द्यायचा आणि पुन्हा गोठवायचा. तेवढ्या वेळात गाठ उंबऱ्यात उभी राहिल्यागत रेंगाळली. पाऊसपाण्याचं बोलली, धाकट्याची तब्येत विचारली. कुणी उत्तर दिलं नाही. रखमाजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्यांदा गोठवलं, तशी ती गेली. पाठीवर छोटी पट्टी लागली. बाईंनी हात काढला.

"गेली?"

"गेली."

रखमाजींनी मान वळवून दाराकडे बघितलं.

"पोचल्यावर कळवा, एवढं तरी म्हणू द्यायचंस."

चांगुणाबाईंनी हात पुन्हा तोंडावर ठेवला. मॅडम म्हणाल्या, स्कॅन होईस्तोवर राहू द्या तो तसाच.