अतिगोपनीय ओला जिना

कचेरीचा जिना धुतला की भिंतीवर सूचना लागे: 'जिना ओला आहे. सावकाश चालावे.' सूचना कुणी वाचत नसे आणि लोक रीतसर पडत. एकदा खुद्द साहेब वरच्या पायरीवर घसरले ते थेट तळाशी जाऊन थांबले. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कने त्याच सूचनेवर 'अतिगोपनीय' असा लाल शिक्का मारला, ती कपाटात ठेवली आणि कपाट उघडं टाकलं. दुपारपर्यंत सगळी कचेरी कठडा धरून चालत होती. शेजारच्या कचेरीतून फोन आला, तुमचा जिना वाळला का म्हणून.

मग काय, नळ बंद करा, दिवे मालवा, सगळंच अतिगोपनीय झालं.

खाली कँटीन चालवणाऱ्या आक्काने हे हेरलं. तिचं गिऱ्हाईक रोडावलं होतं, आणि त्याच शेगडीवर लेकीच्या बाळंतपणाचा खर्च निघायचा होता. ती हेडक्लार्कपुढे उभी राहिली.

"भाऊ, माझ्या चहालाही मारा एक शिक्का."

"आक्का, चहा कसा गोपनीय असेल?"

"त्यात दूध किती, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?"

मुद्दा बिनतोड होता. शिक्का किटलीवर बसला. रांग जिन्यापर्यंत गेली. लोक फायलीआड कप धरून चहा पिऊ लागले.

अशात साहेबांकडे एक खरोखरचं गुपित आलं. कँटीन बंद करून तिथे त्यांच्या मेहुण्याचं चहाचं यंत्र बसवायचं होतं.

"आक्काला कळलं तर कचेरी डोक्यावर घेईल," साहेब म्हणाले. "शिक्का मारा नि कपाटात ठेवा."

"म्हणजे तासाभरात सगळ्यांच्या तोंडी. माझं ऐका, साहेब."

हेडक्लार्कने कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'सर्वांच्या माहितीसाठी. हरकती शुक्रवारपर्यंत द्याव्यात,' खाली सगळा मजकूर दिला आणि कागद कँटीनच्याच दारावर डकवला. आक्का त्यावर रोज ओलं फडकं वाळत घाली. रांगेतल्यांचे डोळे किटलीवर.

शनिवारी यंत्र आलं.

"मला कुणी सांगितलं नाही," आक्का म्हणाली.

"तुमच्याच दारावर होतं की," साहेब म्हणाले. खरं बोलल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मावेना.

यंत्रापुढच्या रांगेतला एक जण हळहळला, "आम्हाला कल्पना असती तर, आक्का..."

"तू रोज त्या कागदाला टेकून उभा होतास, बाबा," ती म्हणाली आणि किटली घेऊन निघाली.

हसलात ना? तुमच्याही जिन्याखाली आठवडाभर एक कागद चिकटवलेला आहे. काय लिहिलंय त्यावर, सांगा पाहू.