सुभानराव काटे मुजऱ्यांत अडकले, ते समयींची हकीकत

श्रीसूर्यनारायण प्रसन्न. त्याचे उजेडांत जें घडलें आणि पडद्याआड जें घडलें, तें दोन्ही यथास्थित लिहितों. वाचणारांनीं शक्यतों अंगणांत बसोन वाचावें. राज्यशक एक्केचाळीस, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशीं शेजारील राज्याचा वकील तिमाजीपंत हुजूर आला. त्याचे राजाचे मनांत या राज्यावर चालोन यावें ऐसें होतें, आणि येथील सरदारांत दम किती तो आधीं पाहावा म्हणोन वकिलास पुढें पाठविलें होतें. महाराजांनीं थाटाचा दरबार भरविला. सरदार सारे साठीपुढील, आणि सारे तमाखूचे शौकीन. त्यांत अग्रणी सुभानराव काटे, थोरल्या किल्ल्याचे किल्लेदार. यांणीं तरुणपणीं शत्रूचा निशाणाचा हत्ती शेपटीस धरोन माघारा ओढिला होता, आणि त्या विजयाचे आनंदांत गुडगुडी जी तोंडीं धरिली ती जेवण व झोप यांपुरतीच खालीं ठेवीत. वारा लागोन निखारे लवकर जळतात म्हणोन बैठकीचे पडदे बारमाही सोडिलेले, आणि आंत धूर इतका कीं, भेटीस आला मनुष्य त्यांस खोकल्यावरोन ओळखी.

मग चोपदारानें पुकारा केला आणि सरदार मुजऱ्यास वांकले. सुभानरावही वांकले, आणि वर येऊं लागले, तों येववेना. मांड्यांत बळ नाहीं, हाडें आंतोन ठणकतात, कंबर ऐकत नाहीं. त्यांणीं डोळे फिरवोन उजवीकडे पाहिलें, तों तिकडील सरदार तैसाच. डावीकडेही तीच अवस्था. लाजेस्तव कोणी हाक मारीना. विडे वाळले, गवई गाऊन थकला, तरी दरबार वांकलेलाच. तिमाजीपंतानें बहुत दरबार पाहिले होते, परंतु ऐसी निष्ठा पाहिली नव्हती. त्यानें परत जाऊन राजास सांगितलें कीं, धन्यापुढें जे मान वर करीत नाहींत ते रणांत पाठ काय दाखवितील. चढाई रहित करावी आणि तह करावा. राजानें उलट निरोप पाठविला कीं, चैत्रांत आपण जातीनें येऊन ही निष्ठा डोळां पाहतों, मग तह करितों. इकडे वकील थक्क जाहला तें पाहोन महाराज त्याच दिवशीं बहुत संतोषले होते, आणि सर्वांहोन अधिक वेळ वांकोन राहिले म्हणोन सुभानरावांस भरजरी वस्त्रें दिधलीं. भोयांनीं त्यांस उचलोन पालखींत ठेविलें आणि घरीं आणिलें. तेथें त्यांचे कुटुंब लाडूबाई यांणीं वस्त्रांवरोन हात फिरविला. धनी पाटावरोन उठतांना खांब धरितात, हें त्या बहुत दिवस पाहत होत्या. त्या इतकेंच बोलल्या, "वस्त्रं नामी आहेत. पण ती लेवून उभं कोण राहायचं?"

सुभानरावांस हत्तीनें लाथ मारिली तेव्हांही ऐसें लागलें नव्हतें. त्यांणीं तेच दिवशीं नरहरभट वैद्य यांस बोलाविलें. वैद्यांनीं काचेचे नळींत रक्त घेतलें, दूरदेशीचे यंत्रांत घातलें, आणि सांगितलें कीं, आपले रक्तांत ड फार थोडा आहे. सुभानरावांनीं तरवारीस हात घालोन विचारिलें, "हा ड कोणाचे पदरीं आहे?" मग वैद्यांनीं समजाविलें कीं, ड हा कोणी सरदार नव्हे, जीवनसत्त्व आहे, कातडीस ऊन लागतें तेव्हां शरीर तें आपण तयार करितें, आणि तें नसतां हाडें नरमतात व मांड्यांचें बळ जातें. पुढें वैद्यांनीं शहरांतील अवघ्या म्हाताऱ्यांचें रक्त पाहिलें. धूर ओढणारांत ड बहुतकरोन उणा निघाला. त्याच वयाचे न ओढणारे, त्यांत बरा निघाला, जरी त्यांतही कांहीं जण खंक होतेच. कारण पुसतां वैद्य म्हणाले कीं, ओढणारा मनुष्य उन्हांत कमी निघतो, किंवा त्याचें खाणें बिघडतें, किंवा धूरच अंगांत शिरोन खोड्या करितो, हें निश्चयें सांगवत नाहीं. परंतु दोन्ही गोष्टी एके घरीं नांदतात खऱ्या.

ही वार्ता हुजूर गेली आणि मसलत बसली. दिवाणांनीं अर्ज केला कीं, सांप्रत राज्य या वांकल्या कमरांवर उभें आहे. सरदार उन्हांत बसोन सरळ जाहले तर निष्ठा कोठोन दाखवावी. महाराजांस पटलें. मग आज्ञा जाहली कीं, चैत्रापर्यंत साठीपुढील कोणा मानकऱ्यानें उन्हांत येऊं नये, आणि प्रत्येकास तमाखू सरकारांतोन पोंचावी. म्हाताऱ्यांमागें छत्रीवाले धांवूं लागले, आणि पहारेकरी घरोघर जाऊन कोणाची मान उन्हानें रापली काय तें पाहूं लागले. सुभानरावांस मोठा पेंच पडला. धन्याचा हुकूम कधीं मोडिला नव्हता, आणि असें वांकोन मरणेंही साहवेना. अखेर त्यांणीं निखारे हौदांत ओतिले. पहिले दिवस फार वाईट गेले. ते घरांत सर्वांशीं भांडले, भांडावयास कोणी उरलें नाहीं तेव्हां तुळशीशींही भांडले. परंतु दाराशीं पहारेकरी कान लावोन बसला होता, गुडगुडीचा आवाज तर यावयास पाहिजे. तेव्हां लाडूबाई स्वतां पडद्याआड बसल्या, ओल्या गोवरीचा धूर केला, आणि बोरूची नळी तांब्यांत घालोन गुडगुड गुडगुड फुंकूं लागल्या. तिकडे सुभानराव मागील गच्चीवर पापडांचे रांगेंत उघडे पालथे पडत. एकदां पहारेकऱ्यानें शिडीवरोन डोकावोन पाहिलें, आणि थोरली कुरडई असेल ऐसें समजोन उतरला. वैद्यांनीं चोरोन माशाचें तेलही पोंचविलें. हळूहळू ठणका उतरला, आणि एके सकाळीं सुभानराव खांब न धरितां पाटावरोन उठले. लाडूबाईंनीं पाहिलें आणि पदर डोळ्यांस लाविला.

मग चैत्र आला आणि शेजारील राजा आला. तोही वृद्ध, आणि त्याचा हुक्का हत्तीपुढें चाले. सरदारांनीं मुजरा केला आणि अडकले. ती निष्ठा पाहोन राजानें सिंहासनापुढें जाऊन आपणही मान लवविली, आणि तोही अडकला. पाहुण्याचा मान राखावा म्हणोन महाराज खालीं उतरोन वांकले, तों तेही अडकले. दोन्ही राजे टाळक्यास टाळकें लावोन राहिले. चोपदार व छत्रीवाले आज्ञेवांचोन राजास हात कैसा लावावा म्हणोन जागचे जागीं उभे. सुभानराव इतरांबरोबर सोंगानें वांकलेलेच होते. उठावें तर चोरी उघडी पडते आणि मस्तक जातें. न उठावें तर दोन राज्यें येथेंच खोळंबतात. इतक्यांत पाहुण्या राजाचा हळूच आवाज आला, "कोणी आहे काय?" आणि सुभानराव उठले. त्यांणीं आधीं पाहुण्यास काखेंत धरोन सरळ केलें, मग आपले धन्यास केलें. पाहुण्या राजानें धापा टाकीत पुसिलें कीं, तुम्ही कैसे उठलां. सुभानरावांनीं महाराजांकडे पाहोन उत्तर केलें, "गुडगुडी सोडली आणि उन्हांत बसलों. हुकूम मोडला आहे, शिक्षा व्हावी."

तों पाहुणा राजा हंसूं लागला, आणि म्हणाला कीं, आमचे फौजेंतही हेंच दुखणें आहे, चालोन आलों असतों तर घोड्यावरोन उतरवावयास तुमचींच माणसें मागावीं लागतीं. तह तेथेंच जाहला. महाराजांनीं न्याय केला कीं, हुकूम मोडिला म्हणोन वस्त्रें परत घ्यावीं. राजे सरळ केले म्हणोन उठवणीदार हा नवा हुद्दा द्यावा, आणि दरबार अंगणांत भरवावा. तेव्हांपासोन सुभानराव अडकल्या मानकऱ्यांस एकेक करोन उठवीत, आणि उठवितांना कानांत उपाय सांगत. कित्येकांनीं ऐकिलें, कित्येकांनीं दूर ढकलिलें. तमाखूची हौस त्यांची स्वतांचीही अखेरपर्यंत गेली नाहीं. कोणी ओढीत बसला तर मोह नको म्हणोन ते वाट वांकडी करोन जात. होतां होतां ऐसा एक दरबार आला कीं, मुजरा जाहला आणि सारे आपआपले वर आले. सुभानराव हात पुढें करोन उभे होते, ते हात तैसेच राहिले. मग ते धन्यास नमस्कार करोन, पालखी परत पाठवोन, पायीं घरीं गेले.

तात्पर्य, हुद्दा बुडाला, कंबरा तरल्या, राज्य आपले पायांवर उभें राहिलें. जैसें ऐकिलें तैसें लिहिलें.