दुरुस्तीस अयोग्य

माणसाने आपल्या आवडीचेच काम करावे, याबाबत समाजात संपूर्ण एकमत आहे. मतभेद आहे तो फक्त कोणत्या माणसाने, एवढ्याच किरकोळ मुद्द्यावर.

चिठ्ठीबाईंच्या कचेरीत तर हे तत्त्व भिंतीवर टांगलेले होते. ‘मनाचे ऐका’ अशी पाटी, काचेत मढवून, हजेरीपटाच्या बरोबर वर. (सही करताना मान खाली असे, त्यामुळे पाटी वाचायची तर सही चुकायची. बहुतेकांनी सहीला प्राधान्य दिले.)

चिठ्ठीबाई हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. त्या बावीस वर्षे निर्लेखन शाखेत होत्या. निर्लेखन म्हणजे मोडकी वस्तू तपासून ती आता कामातून गेली असे लिहून देणे. खुर्ची आली की बाई ती उलटी करत, चारी पाय हलवून बघत आणि तिच्या पोटाला एक पिवळी चिठ्ठी चिकटवत: ‘दुरुस्तीस अयोग्य’. खाली सही. मग खुर्ची मागच्या गोदामात जाऊन पडे. बावीस वर्षांत अशा तीन हजार एकशे चार वस्तू. त्यांपैकी खरोखरच अयोग्य, बाईंच्या खासगी मते, नऊ. (एका पंख्याबद्दल त्यांना अजून खात्री नव्हती.)

कारण बाईंना खुर्च्या दुरुस्त करायला आवडायचे. त्यातून वेताच्या. बसायची जागा फाटलेली वेताची खुर्ची दिसली की त्यांच्या बोटांना चैन पडत नसे. दर रविवारी त्या दोन गल्ल्या ओलांडून वेतकाम करणाऱ्या आजोबांच्या दुकानी जात, वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजत घालत आणि संध्याकाळपर्यंत विणत बसत. सहाव्या वर्षी आजोबांनी त्यांनी विणलेली एक जाळी चष्मा काढून पाहिली, अंगठ्याने दाबली आणि काहीच बोलले नाहीत. त्या दुकानात याहून मोठा पुरस्कार नव्हता.

थोडक्यात, जे होणे शक्य नाही असे बाई आठवड्याचे सहा दिवस लिहून देत, तेच सातव्या दिवशी करत. यात काही विसंगती आहे असे कोणाला वाटले नाही. पोट एकीकडे आणि जीव दुसरीकडे, ही व्यवस्था सर्वमान्यच आहे.

अडचण झाली ती आजोबांच्या गुडघ्यांमुळे.

“येत्या एक तारखेला मुलाकडे चाललो कायमचा,” आजोबा महिन्याच्या सुरुवातीलाच म्हणाले. “एकतीसपर्यंत किल्ली तुमच्यासाठी ठेवतो. मग शेजारचा मोबाईलवाला आहेच. त्याला खोकी ठेवायला जागा हवीय.”

“आजोबा, मला विचार करायला थोडा वेळ...”

“आणि सहा वर्षं काय करत होतात? वेत भिजवत होतात?”

बाईंनी घरी विषय काढला. “कर की,” यजमान म्हणाले, “मी कुठे नाही म्हणतोय?” या वाक्याचा अभ्यास व्हायला हवा. त्यात परवानगी आहे, ती न मागताच दिल्याचा मोठेपणा आहे, आणि पुढे काही बिघडले तर ‘मी कुठे हो म्हटलं होतं’ असे म्हणण्याची सोयही आहे. मुलीने बाईंना मिठी मारली. “आई, करच तू. कसलं भारी. फक्त माझं कॉलेज होऊ दे.” सासूबाई बाईंनीच विणलेल्या खुर्चीत बसून भाजी निवडत होत्या.

कचेरीत मात्र आनंदीआनंद झाला. तिथे एकूण एक्केचाळीस माणसे. त्यांतल्या अडतिसांना मुळात दुसरेच काहीतरी व्हायचे होते. (उरलेल्या तिघांपैकी एक रजेवर, एक निवृत्तीच्या वाटेवर, आणि एकाने प्रश्न लेखी द्या म्हणून सांगितले.) टंकलेखकाला पोहायला शिकवायचे होते. रोखपालांना मधमाश्या पाळायच्या होत्या. साहेबांच्या कपाटात, फायलींच्या मागे, एक बासरी होती, आणि ती तिथे आहे हे कोणालाच माहीत नाही असे साहेबांना वाटत असे. दिवसभर एकेक जण येऊन “खरंच धाडसी हो तुम्ही ताई,” म्हणून गेला आणि आपल्या जागेवर जाऊन हलक्या मनाने कामाला लागला. कचेरीतल्या एकाने धाडस केले की बाकीच्या चाळीस जणांचा त्या वर्षाचा प्रश्न सुटतो.

राजीनाम्याचा नमुना छापील होता. कारणांसाठी रकाने पाच: आजार, स्थलांतर, मृत्यू (इतरांचा), मृत्यू (स्वतःचा), अन्य. आवड हे कारण कुठेच नव्हते. बाईंनी ‘अन्य’पुढे खूण केली. ‘अन्य’चा निर्णय समितीकडे असतो आणि समितीने तो ‘बैठकीत, बसून’ घ्यावा असे नियमात स्वच्छ लिहिले आहे. उभ्या उभ्या घेतलेला निर्णय हा निर्णय नसून मत ठरते.

“आमची मनापासून इच्छा आहे हो,” साहेब म्हणाले. “पण समिती बसायची कशावर?”

हे खरे होते. समितीच्या खोलीतल्या सातही वेताच्या खुर्च्या चार महिन्यांपूर्वी गोदामात गेल्या होत्या. चिठ्ठ्या पिवळ्या, सही बाईंची. नव्या खुर्च्या पुढच्या वर्षी येणार होत्या.

मग बाईंनी जे केले ते त्यांच्या जागी कोणीही केले असते, फक्त कोणाला ते येत नव्हते. त्या रोज दोन तास आधी येऊ लागल्या. गोदामात बादलीत पट्ट्या भिजत घालायच्या, जुनी जाळी सोलून काढायची, भोके साफ करायची आणि नवी पट्टी आधी उभी, मग आडवी, मग तिरकी ओवायची. जेवणाच्या सुट्टीत तेच, कचेरी सुटल्यावर तेच. तीन आठवड्यांत त्यांचा डबा नऊ वेळा न उघडता घरी गेला. गोदामातून गुणगुणण्याचा आवाज येतो अशी तक्रार एकदा नोंदवली गेली. तपास होऊन ते उंदीर असावेत असे ठरले.

एकोणतीस तारखेला समिती बसली. पहिला अर्धा तास सगळे नुसते टेकून बघत होते. “वा,” रोखपाल म्हणाले, “कंबर कशी सुटल्यासारखी झाली.” हे इतिवृत्तात आहे. पुढचेही आहे. सचिवांचे पेन पडले. ते उचलायला वाकले आणि त्यांना खुर्चीच्या पोटाला पिवळी चिठ्ठी दिसली. बाईंनी सातही खुर्च्या विणल्या, पण चिठ्ठ्या काढल्या नव्हत्या. बावीस वर्षे त्या चिकटवत आल्या होत्या. काढायची असते हे हातांना ठाऊकच नव्हते.

प्रश्न गंभीर होता. चिठ्ठी खरी मानली तर या खुर्च्या बसण्यालायक नाहीत, म्हणजे समिती बसलेलीच नाही. खुर्च्या खऱ्या मानल्या तर चिठ्ठी खोटी, आणि खोट्या चिठ्ठीवर बाईंची सही. समितीने, बसून अथवा न बसता, चौकशी लावली. चौकशी चालू असताना राजीनामा स्वीकारता येत नाही.

“वाईट वाटून घेऊ नका, ताई. मार्ग काढलाय,” साहेब म्हणाले. “तुम्ही त्या खुर्च्या फक्त पूर्ववत करा. कात्री भांडारातून मिळेल. चिठ्ठी खरी झाली की चौकशी संपली. मग राजीनामा पुढच्या समितीपुढे.”

“पण साहेब, मग पुढची समिती बसणार कशावर?”

साहेबांनी फाईल मिटली. “तेवढं एक आहे,” ते म्हणाले.

तीस तारखेच्या संध्याकाळी बाईंनी हे सगळे सासूबाईंना सांगितले. इतर कोणी विचारले नव्हते. सासूबाई शेंगा सोलता सोलता ऐकत राहिल्या.

“मी शिवणकाम सोडलं ना,” त्या म्हणाल्या, “तेव्हा सगळ्यांनी फार कौतुक केलं माझं. घरासाठी किती केलंस म्हणाले. अजून म्हणतात.”

“कोणी अडवलं होतं का आई तुम्हाला?”

“छे गं. एकानंही नाही.” त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. “मशीन माळ्यावर आहे. तेल घालून घेते अधूनमधून. उगीच.”

एकतीस तारखेला, बाई भांडारातून कात्री घेऊन समितीच्या खोलीत गेल्या. सात खुर्च्या ओळीत होत्या. वेत वाळून ताणला गेला होता. बाईंनी पहिल्या खुर्चीवर टिचकी मारली, ती ढोलक्यासारखी वाजली. त्यांनी कात्रीचे पाते पट्टीखाली घातले. बराच वेळ तसेच धरले. मग काढून घेतले.

जागेवर येऊन त्यांनी आपल्या स्वतःच्या खुर्चीकडे पाहिले. बावीस वर्षांची फिरती खुर्ची, मधोमध खोल बसलेली. बाईंनी ती रीतसर उलटी केली, चारी बाजूंनी हलवून पाहिली, पिवळी चिठ्ठी चिकटवली, सही केली आणि पर्स उचलली. दाराशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ती पाटी मान वर करून वाचली. ‘मनाचे ऐका’. खाली बारीक अक्षरांत, कंसात, ‘कार्यालयीन वेळ सोडून’. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. आजोबांचे दुकान पाचला बंद व्हायचे.

कागदोपत्री बाई अजून नोकरीत आहेत. त्यांच्या नावापुढे रोज ‘जागेवर नाही’ असा शेरा पडतो. ती फिरती खुर्ची हलवता येत नाही, कारण चिठ्ठी लागलेली वस्तू पुढे पाठवण्याचा अधिकार चिठ्ठी लावणाऱ्यालाच आहे. समिती दर आठवड्याला त्या सात खुर्च्यांवर बसते आणि आपण बसलो आहोत का, यावर चर्चा करते.

बाईंच्या दुकानात रविवारी गर्दी असते. कचेरीतली माणसे खुर्ची घेऊन येतात, स्टुलावर टेकतात आणि आपल्याला मुळात काय व्हायचे होते ते सांगतात. साहेब बासरी घेऊन आले होते. ती मधे चिरली होती, वेताची बारीक पट्टी गुंडाळून हवी होती. बाईंनी गुंडाळून दिली. “वाजवा की साहेब,” म्हटल्यावर ते म्हणाले, “निवृत्तीनंतर.” मग सगळे विचारतात तेच विचारले, “सुखी आहात ना ताई?”

“कंबर दुखते,” बाई म्हणाल्या. हात थांबले नव्हते.

आता वाचकांविषयी. हे वाचून आपल्याला बरे वाटले असेल. ओळखीतल्या कोणाला तरी हे वाचायला द्यावे, तिला गरज आहे, असेही मनात आले असेल. चांगले आहे. पण त्याआधी एकदा उठून, आपण बसला आहात त्या खुर्चीकडे नीट पाहावे. मधोमध एक खळगा दिसेल. तो बरोबर आपल्याच मापाचा आहे, म्हणून तर आरामशीर वाटतो.

(आत्ता उठणे जमत नसेल तर राहू द्या. चिठ्ठी आम्ही घरपोच पाठवू.)