मेहुण्यांसाठी राखून ठेवलेला शब्द

नव्या साहेबांनी कागद टेबलावर आपटला नाही, नुसता पुढे सरकवला, आणि त्यामुळेच मिनिटवाले घाबरले. आपटणाऱ्या साहेबांची त्यांना सवय होती.

"या पानावर 'सेड' किती वेळा आलाय, बघितलंत?" साहेब म्हणाले. "मॅनेजर सेड, अकाउंटंट सेड, स्टोअरकीपर सेड. इंग्रजीत दुसरा शब्दच नाही का? मुख्य कचेरीत वाचणाऱ्याला झोप लागेल."

"पण सगळे म्हणालेच होते, साहेब."

"म्हणाले असतील. उद्या मला हा शब्द एकदाही दिसता कामा नये."

पंख्यांच्या त्या कारखान्यात मिनिटवाल्यांचं खरं नाव आता पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. दर मीटिंगचे मिनिट्स, म्हणजे कोण काय बोललं त्याची इंग्रजी नोंद, ते लिहीत, म्हणून मिनिटवाले. वास्तविक एक पान लिहायला त्यांना दोन दिवस लागत. त्यांचं इंग्रजी मोजक्या ठरलेल्या शब्दांवर चालायचं, आणि त्यातला सर्वांत कष्टाळू शब्द साहेबांनी आज काढून घेतला होता.

एरवी त्यांनी एवढं मनावर घेतलं नसतं. पण या वेळचं काम घरचं होतं. कारखान्याचे स्टोअरकीपर म्हणजे मिनिटवाल्यांच्या बायकोचे थोरले भाऊ. त्यांना मोठ्या गोदामावर बढती द्यावी, अशी शिफारस याच मिनिट्ससोबत मुख्य कचेरीत जायची होती. इतकी वर्षं त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये पंखे सांभाळले, पण त्यांच्या डोक्यावर पंखा नव्हता. बढतीच्या जागी पक्की खोली होती आणि खोलीत पंखा होता.

"दादाचं नीट लिहा," बायकोने सकाळीच बजावलं होतं. "त्या पत्र्याखाली भाजून निघालाय तो. तुमच्या हातून काही बिघडलं तर मला माहेरी तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

संध्याकाळी घरी आल्यावर मिनिटवाल्यांना वाट सापडली. मुलीच्या कपाटाच्या दारावर शाळेतला एक तक्ता चिकटवलेला होता. मथळा होता 'सेडऐवजी वापरा', आणि खाली शब्दच शब्द. त्यांना घबाड मिळाल्यासारखं झालं. अर्थ बघायची गरज त्यांना वाटली नाही, कारण सगळ्यांचा अर्थ 'म्हणाला' असाच असणार हे मथळ्यावरून उघड होतं. आता राहिलं फक्त वाटप.

ते त्यांनी पूर्ण विचारांती केलं, असं त्यांचं अजूनही म्हणणं आहे. काही शब्द त्यांनी आधीच बाद केले. 'बेग्ड' भिकाऱ्याचा, 'अॅडमिटेड' दवाखान्याचा. साहेबांना त्यांनी 'ग्रोन्ड' दिला, कारण ग्रोन म्हणजे वाढलेला, मोठा झालेला. हिशेब बघणाऱ्या बाई शिकलेल्या, म्हणून त्यांना कॉलेजशी जुळणारा 'अलेज्ड'. वॉचमनला 'स्नॅप्ड', फोटोसारखा चटपटीत. राहता राहिला 'कन्फेस्ड'. हा शब्द त्यांना फार आवडला. कॉन्फिडन्स आणि कॉन्फरन्स या दोघांच्या भावकीतला दिसत होता. तो त्यांनी मेहुण्यांसाठी राखून ठेवला. आपल्या माणसासाठी एवढं कोणीही करतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पानावरून बोट फिरवत फक्त 'सेड' शोधला. तो सापडला नाही. "याला म्हणतात भाषा," असं म्हणून त्यांनी सही ठोकली आणि कागद मुख्य कचेरीकडे गेले.

पुढच्या आठवड्यात तिकडून दोन तपासनीस आले, एक बोलणारे आणि एक लिहिणारे. त्यांनी चहाला नाही म्हटलं आणि आधी गोदामाला सील लावलं. मग साहेबांच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं.

"मीटिंगमध्ये तुम्ही काय म्हणालात?" बोलणाऱ्या तपासनिसांनी स्टोअरकीपरना विचारलं.

"तांब्याची तार सगळी जागेवर आहे, असं म्हणालो. आणि गोदामाची दुसरी किल्ली माझ्या घरी असते, असं म्हणालो."

"म्हणाला नाहीत. इथे लिहिलंय, तुम्ही कबुली दिलीत."

स्टोअरकीपर मुळात मितभाषी. त्यांनी कागद हातात घेऊन तो शब्द शोधला. "कबुली कशाची? किल्ली घरी ठेवायची असा नियमच आहे."

"नियम आहे, तर कबुली द्यायची वेळ का आली?"

तपासनीस साहेबांकडे वळले. "उत्पादन वाढलं हे सांगताना तुम्ही कण्हलात. उत्पादन वाढलं की तुम्हाला त्रास होतो का?"

"मी कण्हलो?"

"खाली तुमचीच सही आहे. आणि बाई, हिशेब मार्चपर्यंत पूर्ण आहेत, असा तुमचा आरोप आहे. कोणावर?"

"हिशेब माझेच आहेत," बाई म्हणाल्या. "मी स्वतःवर कशाला आरोप करू?"

"ते तुम्ही सांगायचं. शिवाय फाटकावरचा दिवा लागत नाही म्हणून वॉचमन भर मीटिंगमध्ये सगळ्यांवर खेकसलाय. काय चाललंय काय या कारखान्यात?"

एकेक अर्थ कानावर पडत होता तसतसे मिनिटवाल्यांना आपण वाटलेले शब्द ओळखू येत होते. आताच उठून सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. पण शब्दांनीच घात केलेल्या माणसाला त्या वेळी एकही शब्द सुचला नाही. गोदामातल्या मालाची मोजणी होईपर्यंत स्टोअरकीपरनी घरी बसावं, बढतीचा विचार तूर्त बंद, असं ठरलं. मेहुणे जाताना त्यांच्याकडे बघून गेले. ते बघणं मिनिटवाल्यांना फार लागलं.

ते घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. बायकोने आधी विचारलं, मग सुनावलं, मग ठणकावलं, आणि मग ती बोलेनाशी झाली. हा शेवटचा प्रकार तक्त्यावर नव्हता.

"बाबा," मुलगी तक्त्यापाशी जाऊन म्हणाली, "इथे खाली बारीक अक्षरात लिहिलंय. सगळ्या शब्दांचे अर्थ वेगवेगळे आहेत, वापरण्यापूर्वी शब्दकोश बघा."

"बारीक का लिहितात मग?" मिनिटवाले कळवळून म्हणाले.

सकाळी ते तक्त्याची गुंडाळी काखेत मारून तपासनिसांपुढे उभे राहिले. "मला कन्फेस करायचंय," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बरोबर वापरला.

तपासनिसांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "म्हणजे कबुली कोणीच दिली नव्हती?"

"नाही. तो शब्द मी त्यांना प्रेमाने दिला होता. माझे मेहुणे आहेत ते."

"सील लागलंय, वर कळवून झालंय. आता मोजणी थांबवली तर कारण काय लिहू? प्रेम?"

मोजणी झाली. पत्र्याच्या शेडमध्ये दोघे तपासनीस घामाने निथळत खोकी उघडत होते.

"इथे एक पंखा का लावत नाही?" लिहिणाऱ्या तपासनिसांनी न राहवून विचारलं. ते पहिल्यांदाच बोलत होते.

"पंखे खोक्यात आहेत," वॉचमन म्हणाला. "ते विकायचे असतात."

शेवटच्या स्क्रूपर्यंत सगळं जुळलं. आणि मग जे झालं ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मुख्य कचेरीच्या लक्षात आलं, की आपल्या एवढ्या गोदामांपैकी खरोखर मोजलेलं असं हे एकच आहे. बाकीच्या सगळ्यांचा माल बरोबर आहे, असं नुसतं म्हणतात. स्टोअरकीपरना बढती आली, तीही मागितली होती त्याहून मोठ्या गोदामावर.

निरोपाच्या मीटिंगला ते दोनच वाक्यं बोलले. "आमचे भाऊजी नसते, तर मुख्य कचेरीत मला कोणी ओळखलंही नसतं. त्यांचं हे करणं मी जन्मात विसरणार नाही." एवढं बोलून ते मिनिटवाल्यांकडे बघत खाली बसले. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मिनिटवाले घरी कागद घेऊन बसले ते बसूनच राहिले. शेवटी त्यांनी बायकोला हाक मारली. बढती आल्यापासून ती पुन्हा बोलत होती.

"अगं, दादांनी हे आभार मानले, टोमणा मारला, की दम दिला?"

तिने ती दोन वाक्यं स्वतःशी म्हणून बघितली. "दादाचं काही सांगता येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही आपलं 'म्हणाले' लिहा."

त्यांनी 'सेड' लिहिलं. दुसऱ्या दिवशी साहेबांचं बोट पानावरून फिरत त्या शब्दापाशी येऊन थांबलं. त्यांनी एकदा मिनिटवाल्यांकडे बघितलं, एकदा कागदाकडे बघितलं. मग सही केली, खुर्चीत मागे टेकले आणि कण्हले.