देवरावजींचे पाय

आमचे शेजारी देवरावजी खोडे रोज सकाळी गच्चीवर उन्हाची तपासणी करतात. त्यासाठी त्यांनी आपल्या उंचीची, अगदी नेमकी, एक वेळूची काठी कापून ठेवली आहे. ती उभी धरायची, सावली जिथं संपते तिथं खडूनं रेघ मारायची आणि मग काठी आडवी ठेवून सावली मोजायची. सावली काठीपेक्षा लांब भरली, तर ते ऊन फुकट. काठीपेक्षा लहान भरली, तर त्यात डी असतं. मग देवरावजी बनियान काढतात, चड्डी मांडीपर्यंत गुंडाळतात आणि दोन्ही पाय उन्हात पसरून बसतात.

डी म्हणजे व्हिटॅमिन डी. आमच्या गल्लीत सगळेच आता नुसतं डी म्हणतात. लोक भेटल्यावर एकमेकांना ‘जेवण झालं का’ विचारतात, देवरावजी ‘डी किती आहे तुमचं?’ असं विचारतात. दूधवाल्याला ते सांगता आलं नाही, तेव्हा त्याला म्हणाले, “म्हशीचं दूध मोजतं अन् सोताचं डी मोजत नाहीस. काय माणूस आहेस बाप्पा.” त्यानं दुसऱ्या दिवशीपासून आमच्या दारातच दोन्ही घरांचं दूध ठेवायला सुरुवात केली.

हे सगळं पायांसाठी. दिवसभर त्यांचे पाय चारचौघांसारखे असतात. दिवेलागण झाली आणि ते जरा टेकले, की पोटऱ्यांमध्ये काहीतरी सुरू होतं. दुखत नाही, मुंग्याही येत नाहीत. “आतून कोणी ओढून राहिलं असं वाटते,” ते म्हणतात. पाय हलवले की बरं वाटतं, थांबवले की पुन्हा सुरू. त्यामुळे संध्याकाळनंतर देवरावजी बसतच नाहीत. भजनात ते मागे उभे असतात. पंगतीत वाढायला घेतात, कारण वाढणाऱ्याला कोणी बसा म्हणत नाही. बातम्या ते चालत चालत ऐकतात. आमची दोघांची भिंत एकच आहे. झोपेतही त्यांच्या लाथा त्या भिंतीवर बसतात आणि आमचं घड्याळ तिरपं होतं. सात वर्षं मी शाळेत शिकवायला जाण्याआधी ते सरळ करतो आहे. कोणी तक्रार केली तर देवरावजींचं उत्तर ठरलेलं आहे, “पाय माझे, मर्जी त्याइची.”

नोकरी त्यांनी सौंसरला केली, एका सरकारी रेकॉर्डरूममध्ये. त्या खोलीला खिडकी नव्हती. रोज पांढुर्ण्याहून जायचं, दिवसभर ट्यूबलाइटखाली जुने दस्त काढून द्यायचे आणि संध्याकाळच्या बसनं उभ्यानं परत यायचं. बस रिकामी असली तरी उभ्यानंच. नवा कंडक्टर असला की म्हणायचा, “काका, सीट खाली है.” देवरावजी म्हणायचे, “तर तू बस.”

लग्न त्यांनी केलं नाही. त्याची गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगतात. तरुणपणी लोधीखेड्याला मुलगी पाहायला गेले होते. पोचायला संध्याकाळ झाली. बाजेवर बसवलं, पोहे आले, चहा आला आणि पाय सुरू झाले. बाज हलली, कप हलले, शेजारी बसलेले त्यांचे काकाही हलले. मुलीचा बाप म्हणाला, “पोरगा भेला काय?” आणि मुलीची आजी आतून म्हणाली, “बसल्या जागी पाय हालवते, याच्या घरात लक्ष्मी टिकणार नाही.” इथं देवरावजी टाळी मागतात आणि आपणही हसून देतो. त्यानंतर ते कुठंच मुलगी पाहायला गेले नाहीत, हे मात्र त्यांनी मला कधी सांगितलं नाही. ते सुनंदानं सांगितलं.

सुनंदा म्हणजे माझी बायको. रामाकोन्याची. तिला सख्खा भाऊ नाही, चुलत नाही, मावस नाही. लग्न होऊन आली त्या वर्षीच्या राखीला ती ताट घेऊन शेजारी गेली आणि देवरावजींना राखी बांधून आली. तेव्हापासून ते तिचे दादा. तिचं माहेर भिंतीपलीकडं असल्यामुळे भांडण झाल्यावर तिला बसचं तिकीटही काढावं लागत नाही.

मागच्या फाल्गुनात आम्हाला मुलगा झाला. राखीच्या दिवशी तो पाच महिन्यांचा होता. ओवाळून झाल्यावर सुनंदा सहज म्हणाली, “दादा, माघात याचं जावळ काढायचं आहे. मामा तुम्हीच.”

देवरावजींच्या हातातला पेढा तिथंच थांबला. “म्हणजे मांडीवर घ्या लागन?”

“मग काय डोक्यावर?”

जावळ काढताना पोरगं मामाच्या मांडीवर बसतं. पोराच्या कानाजवळ कात्री फिरत असते आणि मामानं हलायचं नसतं. एवढंच काम. पण आपले पाय चार लोकांपुढं ठेवून बसणं देवरावजींनी लोधीखेड्यानंतर कधी केलं नव्हतं. तो पेढा त्यांनी अर्धाच खाल्ला. दुसऱ्या दिवशी ते सौंसरला डॉक्टरीणबाईंकडे गेले.

बाईंनी रक्त तपासलं. लोह ठीक होतं, डी अकरा निघालं, हवं होतं तीस. “मॅट्रिकले गणितात इतकेच होते,” देवरावजी म्हणाले. बाईंनी समजावून सांगितलं, की असे बेचैन पाय असणाऱ्या पुष्कळ जणांचं डी कमी असतं, ते भरून काढलं तर काहींना आराम पडतो, सगळ्यांनाच पडेल असं नाही. चार वाजल्यानंतर चहाही बंद करा म्हणाल्या. यातलं ‘सगळ्यांनाच नाही’ एवढं सोडून देवरावजींनी सगळं ऐकलं. “मास्तर,” मला म्हणाले, “डी भरल्याशिवाय मी सोडत नाही.”

दर रविवारी दुधातून डीची पुडी सुरू झाली. पाऊस उघडल्यावर ऊन सुरू झालं. आधी वारा नको म्हणून ते बंद खिडकीच्या आत बसायचे. काचेतून डी आत येत नाही, असं बाईंनी सांगितल्यावर घरी येऊन त्यांनी खिडकीच्या चारही काचा काढल्या. उन्हात बसायला गच्ची आहे, हे त्यांना आठ दिवसांनी, डासांनी फोडून काढल्यावर सुचलं. मग वरची बैठक पक्की झाली. गल्लीतल्या बायका आपल्या मिरच्या त्यांच्या भोवती वाळत घालायला लागल्या, कारण वानरं त्यांना भिऊन यायची नाहीत.

डिसेंबर अखेरीला मोठी पंचाईत झाली. भर दुपारीसुद्धा सावली काठीपेक्षा लहान होईना. बरोबर काठीएवढी. देवरावजी खडू घेऊन उन्हाकडे बघत उभे राहिले. “कामचुकार आहे हा. हजेरी लावून राहिला, पण काम नाही करून राहिला,” सूर्याबद्दल म्हणाले. ते दिवस ते दुप्पट वेळ बसले.

आणि संध्याकाळी सराव. हा मी चोरून पाहिला. देवरावजी ओसरीत मांडी घालून बसले होते. मांडीवर गव्हाची थैली होती आणि थैलीला टोपरं घातलेलं होतं. समोर घड्याळ. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चौथ्या मिनिटाला थैली खाली पडली. त्यांनी ती उचलली, टोपरं नीट केलं आणि पुन्हा मांडीवर घेतली. दर महिन्याला ते सुनंदाला पोराचं वजन विचारायचे. तिला वाटायचं, किती काळजी. घरी जाऊन ते थैलीत तितके गहू वाढवायचे.

पौषात अकरा मिनिटं झाली, माघ लागता लागता चौदा. डी एकतीस झालं. देवरावजींनी तो कागद गल्लीभर फिरवला. माझी आई सोडून सगळ्यांनी अभिनंदन केलं. आईला तो आकडा तापाचा वाटला.

जावळ सकाळी दहाचं ठरलं. सकाळ म्हणजे देवरावजींच्या पायांची शहाणी वेळ. नऊलाच ते नवा सदरा घालून हजर झाले. पण आमच्या घरच्या न्हाव्यानं त्याच दिवशीचं बोरगावचं एक जावळ आधी धरलं होतं. आणि घरचा न्हावी सोडून दुसऱ्याची कात्री पोराला लागू द्यायला माझी आई मरेपर्यंत तयार झाली नसती. बारा वाजले, तीन वाजले. पाहुणे जेवून पसरले. देवरावजी दर थोड्या वेळानं अंगणात जाऊन आपली सावली बघत होते. ती लांब लांब होत गेली, आणि मग अंगणात सावलीच उरली नाही. न्हावी आला तेव्हा आई तुळशीपाशी दिवा लावत होती. दिवेलागणीला केस कापत नाहीत, पण मुहूर्त त्याच दिवसाचा आणि पाहुणे जमलेले, म्हणून तिनं होकार दिला.

पाट मांडला. देवरावजींनी पोराला मांडीवर घेतलं आणि घड्याळाकडे पाहिलं. पहिली बट पडली. दुसरी पडली. मग त्यांचा उजवा गुडघा उडाला. न्हाव्यानं कात्री मागे घेतली. “काकाजी, पाय.”

देवरावजींनी दात आवळले. गुडघा पुन्हा उडाला. चाळीस माणसं बघत होती, आणि मागून कोणाची तरी म्हातारी काहीतरी पुटपुटली. देवरावजींचा चेहरा उतरला. त्यांनी पोर माझ्यापुढं धरलं. “मास्तर, दुसरा मामा पाहा. पोराच्या कानाले लागलं तं मले सहन होणार नाही.”

सुनंदा पुढं आली, पदर खोचला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. “मांडी सोडा दादा, खुर्चीवर बसा,” म्हणाली. मी खुर्ची आणली. तिनं त्यांच्या दोन्ही पोटऱ्या हातांनी घट्ट धरल्या. “तुम्ही पोराले धरा. पाय मी धरते.”

“सगळ्याइसमोर कायले पाय धरतं बाई.”

“हालू द्या किती हालायचे ते. मी आहे न.”

न्हाव्यानं कात्री घेतली. पोटऱ्या तिच्या हातात धडपडत होत्या, हे तिच्या बांगड्यांवरून कळत होतं. त्या सारख्या वाजत होत्या. वर मांडी मात्र हलली नाही. पोरगं बांगड्यांचा आवाज शोधत खाली वाकून बघत राहिलं आणि रडायचं विसरलं. चौदा मिनिटं केव्हाच होऊन गेली. देवरावजी घड्याळाकडे बघतच नव्हते.

शेवटची बट पडली. आईनं पोराला उचलून न्हाणीकडे नेलं, पाहुणे उठले, न्हावी आपली पेटी भरायला लागला. सुनंदानं हात सोडले आणि उठायला लागली.

“थोडं राहू दे न बाई,” देवरावजी हळू म्हणाले.

ती पुन्हा बसली. तिनं पुन्हा दोन्ही पाय धरले. देवरावजी मांडीवर पडलेले पोराचे केस एकेक करून वेचत राहिले.

“कोणी धरले तं इतकं बरं वाटते,” मग म्हणाले, “हे त्या डॉक्टरीणबाईनं नाही सांगितलं.”